‘मी नीटच चालवतो, समोरचा चुकतो’ : वाहनचालकाचं मन कसं चालतं?

बेळगाव ते कोल्हापूर हे अंतर साधारण ११० किलोमीटर. अख्खा रस्ता ताशी ८० च्या सरासरीने कापला तर ८२ मिनिटं लागतात, १०० च्या सरासरीने कापला तर ६६. वाचतात ती जेमतेम सोळा मिनिटं. निपाणीत चहाला थांबलं की तेवढी जातातच. तरीही तवंदी घाट उतरताना मागून डिपर मारत, कट मारून पुढे जाणारी गाडी रोज दिसते. तिचा चालक वेडा नसतो, बहुतेक वेळा दारूही प्यालेला नसतो. घरी तो चांगला बाप, ऑफिसात शांत माणूस असतो. स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या डोक्यात काय होतं, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षं अभ्यासत आहेत. त्यातलं बरंचसं आपल्या रस्त्यांना जसंच्या तसं लागू पडतं.

आधी आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. मेलेल्यांत दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून जास्त. अतिवेग हे कारण ७१ टक्के मृत्यूंमागे नोंदलं गेलं. पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहून मोकळं होणं सोपं असतं हे धरलं, तरी आकडा मोठाच राहतो.

वेळेचा हिशेब चुकतो तो इथे

स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन (नाव टॅक्सी कंपनीसारखं वाटलं तरी माणूस खरा) यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. वेग वाढवल्याने किती वेळ वाचेल याचा आपला अंदाज ठरावीक पद्धतीने चुकतो. १० किलोमीटरच्या रस्त्यावर २० चा वेग ३० केला तर १० मिनिटं वाचतात. तेच अंतर ८० ऐवजी १०० ने कापलं तर वाचतं दीड मिनिट. पण मनाला उलटंच वाटतं. जास्त वेगावरची वाढ मोठी बचत वाटते, कमी वेगावरची किरकोळ.

याचा अर्थ असा, की खरा वेळ खड्ड्यात, बाजारपेठेत, सिग्नलला, टोलच्या रांगेत जातो आणि त्याची भरपाई माणूस मोकळ्या हायवेवर करू बघतो, जिथे ती होऊच शकत नाही. कोगनोळी नाक्यावर दहा मिनिटं गेली म्हणून पुढे संकेश्वरपर्यंत गाडी पळवणारा चालक दहातली तीन मिनिटं कशीबशी परत मिळवतो. त्याची किंमत मात्र वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १०० वर गेलं की गाडीतली गतिऊर्जा सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा आहे की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

यात आणखी एक फसवणूक असते ती डोळ्यांची. तासभर १०० ने गाडी चालवली की ६० म्हणजे बैलगाडी वाटायला लागते. डोळे आणि कान त्या वेगाला सरावलेले असतात. हायवे सोडून गावात शिरताना चालकाला ‘आपण एकदम हळू आलो’ असं प्रामाणिकपणे वाटतं आणि काटा ७० वर असतो. गावाच्या वेशीवर, शाळेसमोर, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी अपघात होतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. रस्त्यावर आडव्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या मारतात त्या यासाठीच. पट्ट्यांमधलं अंतर कमी कमी करत नेलं की चालकाला आपला वेग वाढतोय असा भास होतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चौकांच्या अलीकडे हे करून पाहिलं गेलं. आपल्याकडे त्या पट्ट्या वर्षभरात पुसल्या जातात आणि मग उरतो तो फक्त गतिरोधक, तोही बहुधा न रंगवलेला.

ऊस ट्रॉली आणि पंचेचाळीस मीटर

सीमाभागात वेगाच्या अंदाजाची सगळ्यात कठोर परीक्षा गळीत हंगामात होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कागल, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज या पट्ट्यात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालू असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने किंवा पाल्याने झाकलेला. ट्रॅक्टरचा वेग १५-२०, मागून येणाऱ्या कारचा ८०.

समोरची वस्तू किती वेगाने जवळ येतेय, हे मेंदू तिच्या आकारावरून ओळखतो. ती डोळ्यांत किती झपाट्याने मोठी होत जाते, त्यावर. लांब असताना हा बदल इतका बारीक असतो की कळतच नाही. कळतो तेव्हा ती एकदम अंगावर आलेली असते. दिवसा आजूबाजूची झाडं, खांब, रस्ता मदतीला असतात. रात्री असतो फक्त काळोख आणि त्यात काळपट उसाची भिंत.

आता गणित पाहा. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. आणि डिपरवर हेडलाइटचा उपयोगी उजेड पडतो तो साधारण ४०-५० मीटरपर्यंत. म्हणजे पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहिलेली ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झालेलाच असतो. चालक कितीही तयारीचा असो, दिसल्यावर थांबणं शक्यच नसतं. ४५ मीटरच्या उजेडात थांबायचं तर वेग साठच्या आसपासच लागतो. रात्री अप्पर मारून चालवावं तर समोरच्याचे डोळे दिपतात, म्हणून डिपर, आणि डिपरवर ८०. हे रोज चालतं कारण बहुतेक रात्री वाटेत ट्रॉली उभी नसते.

यात ट्रॅक्टरवाल्याचंही एक मानसशास्त्र आहे. त्याला पुढचा रस्ता दिसतो, मागून येणाऱ्याचे दिवे लांबून दिसतात. मला तो दिसतो म्हणजे त्यालाही मी दिसतो, असं त्याला वाटतं. रात्री काळे कपडे घालून रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाचीही हीच समजूत असते. पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्यांत, सौंदत्तीला पायी जाणाऱ्यांत पाठीला चमकणारी पट्टी लावण्याचा आग्रह धरतात तो उगीच नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या रिफ्लेक्टर टेपइतका स्वस्त उपाय या सगळ्या विषयात दुसरा नाही.

मोठी वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू येतेय असं वाटतं, हाही एक सिद्ध भ्रम आहे. रेल्वे फाटकावर आणि रूळ ओलांडताना माणसं फसतात ती त्यामुळे. मुंबईत वडाळ्याजवळ यावर एक प्रयोग झाला. ‘फायनल माइल’ या सल्लागार संस्थेने रेल्वेबरोबर काम करून काही अंतरापर्यंतचे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती झपाट्याने पट्टे गिळत येतेय ते नजरेला कळावं. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या दिल्या. सूचनाफलकाऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दाखवणारे फोटो लावले. रूळ ओलांडताना होणारे मृत्यू तिथे लक्षणीय कमी झाले. ‘रूळ ओलांडू नका’ हे वाचून कुणी थांबत नव्हतं.

सगळेच सरासरीपेक्षा चांगले

१९८१ मध्ये याच स्वेन्सन यांनी अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की गटातल्या इतरांच्या तुलनेत तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे? अमेरिकनांपैकी ९३ टक्के आणि स्वीडिशांपैकी ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. वरच्या निम्म्यात निम्मेच बसू शकतात, हे उघड आहे. आपल्याकडे कुठल्याही चौकात हा प्रश्न विचारला तर उत्तर वेगळं येईल असं मानायचं कारण नाही.

हा गैरसमज टिकतो कारण रस्ता चूक दाखवत नाही. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं की पहिल्या घासाला कळतं. चोर्ला घाटात वळणावर ओव्हरटेक केला आणि समोरून कुणी आलं नाही, तर त्या चुकीची शिक्षा शून्य आणि बक्षीस मात्र लगेच: पुढचा ट्रक मागे पडला. असं शंभरदा झालं की माणूस त्याला ‘अनुभव’ म्हणतो. खरं तर तो शंभर वेळा नशिबाने सुटलेला असतो. ‘वीस वर्षं गाडी चालवतोय, एक खरचटा नाही’ हे वाक्य म्हणूनच फारसं काही सिद्ध करत नाही.

याला जोडूनच दुसरी सवय. स्वतःची चूक परिस्थितीमुळे होते, दुसऱ्याची मात्र स्वभावामुळे. आपण सिग्नल तोडला तर दवाखान्याची घाई होती. त्याने तोडला तर त्याला अक्कल नाही. मानसशास्त्रात ही जुनी, खूप तपासलेली गोष्ट आहे आणि सीमाभागात तिला नंबरप्लेटची जोड मिळते. पणजीत केए-२२ दिसली की ‘हे घाटावरचे’, बेळगावात जीए दिसली की ‘गोव्याचे, प्यालेलेच असणार’, सावंतवाडीत एमएच-०९ दिसली की ‘कोल्हापूरकर, यांना कोण सांगणार’. बडोद्यात आणि इंदुरातही बाहेरच्या पासिंगबद्दल असंच बोललं जातं. पासिंग चालकाचा स्वभाव सांगत नाही. फार तर एवढं सांगते की त्याला हा रस्ता, इथली वळणं, इथला गतिरोधक ठाऊक नसण्याची शक्यता जास्त आहे. म्हणजे खरं तर त्याला थोडी जास्त जागा द्यायला हवी. होतं उलटंच.

काचेआडचा माणूस अनोळखी होतो, तेही त्याला कारण आहे. फुटपाथवर धक्का लागला तर दोघंही ‘सॉरी’ म्हणून पुढे जातात, कारण चेहरा दिसतो. गाडीत दिसतं ते फक्त बंपर. आणि बंपर बघून माणूस कसा वागतो, यावर एक मजेदार प्रयोग आहे. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस या संशोधकांनी सिग्नल हिरवा झाल्यावरही मुद्दाम गाडी उभी ठेवली. कधी नवी कोरी, महागडी. कधी जुनी, खटारा. बारा सेकंदांत मागच्याने हॉर्न वाजवला तो खटाऱ्याला ८४ टक्के वेळा, महागड्या गाडीला ५० टक्के वेळा. गंमत पुढेच आहे. विद्यार्थ्यांना ‘तुम्ही काय कराल’ असं नुसतं विचारलं, तेव्हा मुलग्यांनी सांगितलं की श्रीमंताच्या गाडीमागे आम्ही लवकर हॉर्न वाजवू. तोंडाने बंडखोर, हाताने नमतं. आपल्याकडे रिक्षावाल्यावर, सायकलवाल्यावर, एमएटी शिकणाऱ्या नवख्या मुलीवर हॉर्न किती पटकन वाजतो आणि बड्या साहेबाच्या गाडीमागे किती वेळ शांतता असते, हे पाहिलं की प्रयोग परका वाटत नाही.

हॉर्नचं आणखी एक आहे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण ते उगाच हॉर्न वाजवायचं आमंत्रण ठरतं. अक्षरं काही ट्रकांवरून गेली, सवय गेली नाही. घाटात हॉर्न लागतोच, पण शहरात तो इशारा न राहता तक्रार झाला आहे, आणि सतत वाजणारी तक्रार कुणी ऐकत नाही.

हेल्मेट : दंडाच्या रकमेपेक्षा पकडलं जाण्याची खात्री

हेल्मेटचा फायदा हा आता वादाचा विषय नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर निघालेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घालता ५० हजार २९ जण मेले. त्यात १४ हजारांवर मागे बसलेले होते. मागे बसलेली म्हणजे बहुतेकदा बायको, आई, मुलगी. पुढच्याने पोलिसासाठी हेल्मेट घातलेलं असतं, मागचीला कोण विचारतंय?

तरीही पुण्यात हेल्मेटसक्ती आली की मोर्चे निघतात. जानेवारी २०१९ मध्येही निघाला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड ठरवला, तर कर्नाटक आणि गुजरातने काही आठवड्यांतच तो कमी करून ५०० वर आणला. गुजरात सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केलं होतं. बडोदेकरांना तो काळ आठवत असेल. ती सूट पुढे टिकली नाही. इंदूरमध्ये ऑगस्ट २०२५ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असा आदेश निघाला, आणि पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट दोन मिनिटांसाठी उसनं घ्यायची युक्तीही लगेच निघाली.

यातून जो धडा वाहतूक-मानसशास्त्र पुन्हापुन्हा देतं तो असा: दंड किती आहे यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री किती आहे, यावर वागणं ठरतं. वर्षातून एकदा पाच हजारांची पावती फाटली तर माणूस त्याला नशीब म्हणतो. रोज त्याच चौकात शंभर रुपये जाणार हे पक्कं असेल, तर दुसऱ्या दिवशी हेल्मेट डोक्यावर असतं. सीमाभागात ही खात्री फार कमी आहे. दुसऱ्या राज्याच्या पासिंगला ई-चलन पोचतं की नाही, पोचलं तरी कोण वसूल करणार, हा हिशेब प्रत्येक गाडीवाल्याच्या डोक्यात असतो. मामा दिसला की आरशाला टांगलेलं हेल्मेट डोक्यावर येतं आणि चौक ओलांडला की परत आरशावर जातं.

‘केस जातात’, ‘ऐकू येत नाही’, ‘मान दुखते’, ‘इथंच तर जायचंय’. कारणं सगळीकडे तीच. त्यातलं शेवटचं सगळ्यात फसवं आहे. दूध आणायला, मुलाला क्लासला सोडायला जाताना माणूस धोका मोजतच नाही, कारण ओळखीचा रस्ता सुरक्षित वाटतो. रोजच्या रस्त्यावर डोकं अर्धं झोपेत असतं. गाडी कशी घरी आली ते आठवत नाही, असा अनुभव प्रत्येकाला असतो.

एखादा मोठा अपघात झाला की काही दिवस सगळे सावध होतात. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागच्यांनीही बेल्ट लावायचा हा नियम आधीपासूनच होता, पण अनेकांना तो त्या आठवड्यात पहिल्यांदा कळला. बेल्टचे क्लिप आवाज करू लागले. दिवाळीपर्यंत ते सीटच्या फटीत परत गेले. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला एका रात्रीत वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली तेव्हाही असंच झालं होतं. गोंधळ होऊन अपघात वाढतील अशी सगळ्यांना भीती. प्रत्यक्षात अपघात कमी झाले, कारण जो तो जपून चालवत होता. दोनेक वर्षांत लोक सरावले आणि आकडा पूर्वीच्या जागी आला.

सुरक्षित वाटलं की माणूस जास्त धोका घेतो, असंही एक मत आहे. जर्मनीत म्युनिक शहरातल्या काही टॅक्सींना एबीएस ब्रेक बसवले, काहींना नाही. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत; चालक जास्त जोरात आणि जास्त जवळून चालवू लागले होते. याचा आधार घेऊन ‘हेल्मेट घातलं की पोरं जास्त पळवतात’ असं म्हणणारे भेटतात. ते खरं नाही. ब्रेक चालकाला दर क्षणी जाणवतो, म्हणून तो त्याचा फायदा वेगात खर्च करतो. हेल्मेट पडेपर्यंत काहीच करत नाही. हेल्मेटचे वर दिलेले आकडे प्रत्यक्ष रस्त्यावरचेच आहेत.

फोन, झोप आणि शेजारी बसलेले मित्र

६० च्या वेगाने जाताना दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी जाते. हे सगळ्यांना पटतं. पटत नाही ते हे, की ब्लूटूथवर बोलणंही फारसं सुरक्षित नाही. १९९७ मध्ये रेडलमायर आणि टिबशिरानी यांच्या कॅनडातल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा वेगळा फायदा दिसला नाही. अडचण हाताची नाही, लक्षाची आहे. डोळे रस्त्यावर असतात, पण मेंदू जे पाहतोय ते नोंदवत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की बोलता बोलता थांबतो. फोनपलीकडच्याला वळण दिसत नाही.

झोपेचा हिशेब तर अजून सोपा आणि अजून दुर्लक्षित आहे. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं वागणं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. भारतात कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पहाटे पाचला उठून लग्नाला गेलेला, दिवसभर पाहुण्यांत धावपळ केलेला आणि रात्री दहाला ‘घरी जाऊनच झोपू’ म्हणून निघालेला चालक थेंबभरही न घेता त्या मर्यादेच्या वर असतो. देवदर्शन उरकून रात्रीत परत यायचं, दुसऱ्या दिवशी ड्युटी धरायची, ही आपल्याकडची पद्धतच आहे. क्रूझर भरून तिरुपतीहून परतणाऱ्या गाडीत दहा जण झोपलेले असतात आणि अकरावा एकटा जागा असायला हवा असतो. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी काही मिनिटंच निभतं. चालतं ते पंधरा-वीस मिनिटं गाडी बाजूला घेऊन झोपणं. सरळ, मोकळ्या, एकसुरी रस्त्यावर ही गुंगी लवकर येते. समृद्धी महामार्गामुळे ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला तो यातूनच.

तरुण पोरांच्या बाबतीत शेजारी कोण बसलंय याला महत्त्व आहे. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावरचा गाडीचा खेळ खेळायला दिला. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा खूप जास्त धोका पत्करला. प्रौढांत तसा फरक पडला नाही. ट्रिपल सीटवर फक्त वजन वाढत नाही, प्रेक्षकही वाढतात. अल्पवयीन मुलाने अपघात केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. दहावीच्या निकालावर गाडी घेऊन देताना ती किती घरांत आठवते, हा प्रश्न आहे.

गाडी काढावी की एसटीने जावं?

चालक कसा चालवतो याइतकंच माणूस गाडी काढतोच का, हेही मानसशास्त्रात येतं. इथे लोक समजतात त्यापेक्षा पैशाचा हिशेब कमी असतो. दुचाकीवाल्याला खर्च विचारा, तो पेट्रोल सांगेल. हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग, गाडीची घसरलेली किंमत तो धरत नाही. जर्मनीत कारमालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला, त्यात लोक गाडीचा एकूण खर्च जवळपास निम्माच धरत होते. बसचं तिकीट मात्र दरवेळी खिशातून जातं, म्हणून बस महाग वाटते.

फुकटाची गोष्टच वेगळी. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्यात मोफत प्रवास आहे. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून तसाच. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत, तीही राज्याच्या हद्दीपर्यंतच. पैशात पाहिलं तर निम्मं तिकीट आणि शून्य तिकीट यांत काही रुपयांचाच फरक. मनात मात्र तो फार मोठा असतो. २००७ च्या एका प्रयोगात १५ सेंटचं उत्तम चॉकलेट आणि १ सेंटचं साधं चॉकलेट समोर ठेवलं तेव्हा ७३ टक्क्यांनी उत्तम उचललं. दोन्ही एकेका सेंटने स्वस्त केली, म्हणजे १४ आणि शून्य, तेव्हा ६९ टक्के लोक फुकटाकडे वळले. खानापूर तालुक्यातली बाई आज बेळगावला डॉक्टरकडे, माहेरी, कामाला जाताना नवऱ्याकडे पैसे मागत नाही. हा फरक तिकिटाच्या आकड्यात दिसत नाही. बस तुडुंब भरते आणि शाळेची मुलं थांब्यावर राहतात, ही त्याच योजनेची दुसरी बाजू.

मग वडाप का चालतं, तेही एसटीपेक्षा जास्त कोंबून? वाहतूक नियोजनात जुना ठोकताळा आहे की थांब्यावर उभं राहून घालवलेला वेळ गाडीत बसून घालवलेल्या वेळेच्या दुप्पट वाटतो. आणि किती वेळ थांबायचं हे माहीत नसेल तर त्याहून जास्त. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, कधी अर्धा तास लागतो. पण माणूस आत बसलेला असतो, ‘दोनच सीट राहिल्यात’ हे ऐकत असतो. एसटी पंधरा मिनिटांत येणार असली तरी ती येईल का, याची खात्री नसते. गोव्यात दुचाकी टॅक्सीचे पायलट इतकी वर्षं टिकले तेही थोडंफार याच कारणाने: स्टँडवर गेलं की लगेच निघता येतं. बस किती वाजता येणार हे थांब्यावर नुसतं खरं खरं कळलं, तरी तीच बस लोकांना जवळची वाटू लागते.

बाकी सगळं सवयीवर चालतं. रोज गाडीने जाणारा माणूस रोज विचार करून गाडी निवडत नाही. त्याने तो निर्णय काही वर्षांपूर्वी एकदा घेतलेला असतो. सवय मोडते ती अडथळा आला की. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. लोकांना नाइलाजाने दुसरे मार्ग शोधावे लागले आणि संप मिटल्यावर सुमारे ५ टक्के प्रवासी नव्या मार्गावरच राहिले. आधीपासून तो मार्ग बरा होता, त्यांना माहीत नव्हतं एवढंच. सीमाभागाला असे संप नवे नाहीत. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वातावरण तापलं तेव्हा दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबल्या. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तर एसटी कर्मचाऱ्यांचा संप पाच महिने चालला. दोन दिवसांत ५ टक्के, तर पाच महिन्यांत किती जणांनी कायमची दुचाकी घेतली असेल, याचा अंदाज डेपोत नव्हे, गाड्यांच्या शोरूममध्ये घ्यायला हवा.

उलट दिशेनेही हे करता येतं. जपानमध्ये क्योटोत रोज गाडीने फिरणाऱ्या काही जणांना एक महिन्याचा बसपास फुकट दिला. महिना संपल्यावरही त्यांचा बसचा वापर पूर्वीपेक्षा जास्त राहिला. अशा प्रयोगाला चांगली वेळ म्हणजे माणूस घर, नोकरी किंवा कॉलेज बदलतो तेव्हाची, जेव्हा जुनी सवय सुटलेली असते आणि नवी लागायची असते. आपल्याकडे ती वेळ जूनमध्ये येते. अकरावीचे प्रवेश होतात, पासच्या खिडकीसमोर रांग लागते, आणि त्याच आठवड्यांत घरोघरी पहिल्या गाडीचा विषय निघतो.